एका दिवसाचा रेडिओ : ब्रिटन, एप्रिल १९५१

सांजवात | सोमवार, रात्री ९.४०

आमच्या लीस्टरच्या गल्लीत दोन घरं सोडून एक आजी राहतात. वय सत्त्याऐंशी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाऊन बसते, दूध-ब्रेड आणून देते. गेल्या गुरुवारी गेले तर त्या मटार सोलत बसल्या होत्या आणि एक धून गुणगुणत होत्या. कुठलं गाणं हे, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गाणं नाही गं, साडेदहा वाजलेत ना!"

मी घड्याळाकडे पाहिलं. खरंच साडेदहाला दोन मिनिटं कमी होती.

ती धून 'म्युझिक व्हाइल यू वर्क' या बीबीसीच्या कार्यक्रमाची. एरिक कोट्स या संगीतकाराची रचना, १९४० पासून रोज वाजायची. आजींच्या आई मोज्यांच्या कारखान्यात कामाला होत्या (लीस्टर म्हणजे मोजे-बनियनचं गाव, आपल्याकडे इचलकरंजी सुताची तसं) आणि तिथे छताला टांगलेल्या कर्ण्यांतून हे संगीत वाजायचं. शाळेला सुट्टी असली की आजी घरच्या रेडिओवर तेच ऐकायच्या. आई तिकडे ऐकतेय, आपण इकडे ऐकतोय, असं वाटायचं म्हणाल्या. सत्तर वर्षं उलटली, कारखाना पडून तिथे फ्लॅट झाले, आणि बाईंच्या अंगात साडेदहा अजून वाजतात!

मग मला राहवेना. बीबीसीने 'रेडिओ टाइम्स'ची जुनी कार्यक्रमपत्रिका नेटवर खुली केली आहे. तीन रात्री त्यातला एप्रिल १९५१ चाळत बसले. एवढ्या मोठ्या देशाचा एक साधा, कामाचा दिवस रेडिओवर कसा जायचा, ते इथे लिहून ठेवते. कुणाला आणखी माहिती असेल तर भर घाला.

त्या काळाची थोडी कल्पना यावी म्हणून सांगते. युद्ध संपून सहा वर्षं होत आली होती, पण चहा, साखर, लोणी, मटण अजून रेशनवरच. रेडिओसाठी वर्षाला एक पौंड लायसन्स भरावं लागे. अशी लायसन्सं एक कोटीच्या वर होती, टीव्हीची दहा लाखसुद्धा नव्हती. म्हणजे 'घरात आवाज' म्हणजे रेडिओच. त्याला म्हणायचे मात्र वायरलेस.

केंद्रं तीन. 'होम सर्व्हिस' : बातम्या, भाषणं, शाळा, नाटकं. 'लाइट प्रोग्राम' : गाणी, विनोद, मालिका. आणि 'थर्ड प्रोग्राम', जो संध्याकाळी सहाला उघडायचा : गंभीर संगीत, कविता, लांबलचक व्याख्यानं.

सकाळी सातच्या बातम्या होम सर्व्हिसवर. आठच्या बातम्यांच्या जरा आधी पाच मिनिटांचं चिंतन. नवरा दाढी करतोय, पोरांना मोजे सापडत नाहीयेत, अशा वेळचा हा रेडिओ. लाइट प्रोग्राम तोवर झोपलेलाच, तो नऊला उठायचा. नऊ वाजून दहा मिनिटांनी 'हाउसवाइव्ह्ज चॉइस'. पोस्टकार्डावर आलेल्या फर्माइशी. घरातली माणसं बाहेर पडलेली, टेबलावर खरकट्या बश्या, आणि आता पहिल्यांदा रेडिओ तिच्या एकटीचा. ही वेळ कुणीतरी नीट विचार करून ठरवलेली आहे, हे पत्रिका वाचताना माझ्या लक्षात आलं आणि मग सगळा दिवसच तसा दिसायला लागला.

सव्वादहाला होम सर्व्हिसवर प्रार्थना (ही १९२८ पासूनची). साडेदहाला कारखान्यांसाठी संगीत. अकराला 'मिसेस डेल्स डायरी'चा कालच्या भागाचा पुनःप्रसार. डॉक्टराची बायको रोजनिशी लिहिते, घरातल्या बारीकसारीक काळज्या सांगते. नवऱ्याबद्दलचं तिचं "मला जिमची जरा काळजीच वाटते" हे वाक्य लोकांच्या तोंडी इतकं बसलं की आजींच्या घरी वडील उशिरा आले की आई तेच म्हणायची. नवा भाग दुपारी चारच्या सुमारास, चहाच्या वेळेला.

जेवणाच्या सुट्टीत आठवड्यातले काही दिवस 'वर्कर्स प्लेटाइम'. कलाकारांची टोळी खरोखरच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये जायची, तिथूनच थेट प्रक्षेपण. कपबश्यांचा आवाज, हशा, सगळं त्यात.

आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. पावणेदोनला 'लिसन विथ मदर', पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. पियानोवर फोरे या फ्रेंच संगीतकाराची अंगाई, आणि बाई विचारायच्या, "नीट बसलात का? मग सुरू करते." गोष्ट, बडबडगीतं, पंधरा मिनिटांत खलास. दोनच्या ठोक्याला 'विमन्स अवर'. आता हा क्रम बघा. मूल मांडीवर बसून गोष्ट ऐकतं, जेवण पोटात गेलेलं आहे, डोळे मिटायला लागलेत. त्याला निजवायचं, आणि पुढचा तास आईचा. हा कार्यक्रम लावणाऱ्याने तान्ह्या मुलाच्या घरातली दुपार जवळून पाहिली असणार.

पाचला होम सर्व्हिसवर 'चिल्ड्रन्स अवर', शाळेतून आलेल्यांसाठी. सहाला बातम्या. पावणेसातला लाइटवर 'द आर्चर्स', एका शेतकरी कुटुंबाची मालिका. ही वेळ त्याला नुकतीच, २ एप्रिलला मिळाली होती. तोवर तिथे 'डिक बार्टन' हा हेर असायचा. तो ३० मार्चला संपला आणि गल्लीतली पोरं म्हणे सुतकात होती.

रात्री नऊच्या बातम्या बिग बेनच्या टोल्यांनंतर. अकराला लाइटवर झोपण्याआधी पुस्तकवाचन. बाराला सगळं बंद.

आजींना हे सगळं वाचून दाखवलं. त्या मध्येच थांबवून पुढचा कार्यक्रम स्वतः सांगत होत्या. एकदाही चुकल्या नाहीत.


पाऊसवेडी | सोमवार, रात्री १०.०५

किती सुंदर लिहिलंयस. पावणेदोन आणि दोनचा क्रम वाचून घशात काहीतरी आलं. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, आणि दुपारी दोनला माझ्यासाठी कुणी काही लावलंय, ही कल्पनाच किती सुखाची आहे.


लघुलहरी | सोमवार, रात्री ११.२०

उत्तम धागा. मी प्रक्षेपण केंद्रावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. तांत्रिक बाजूची भर घालतो, कारण या तीन केंद्रांची मांडणीच मुळात लहरींवरून झाली आहे.

होम सर्व्हिस युद्धातून जन्मली. १ सप्टेंबर १९३९ ला 'नॅशनल' आणि 'रीजनल' हे दोन्ही कार्यक्रम बंद करून एकच केला. लोकांचा समज असा की बातम्या एकसारख्या जाव्यात म्हणून. ते आहेच, पण मोठं कारण विमानांचं. वेगवेगळ्या गावांतली केंद्रं वेगवेगळ्या लहरींवर चालू राहिली असती तर जर्मन वैमानिकांना त्यांच्या रोखाने दिशा काढता आली असती. म्हणून अनेक प्रक्षेपक एकाच लहरीवर, एकाच ठेक्यात चालवले. मग आकाशातून पाहणाऱ्याला (म्हणजे ऐकणाऱ्याला) कुठलं केंद्र कुठे, ते कळेना. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा रात्रभर डोक्यातून गेलं नव्हतं. इतके प्रक्षेपक जुळते ठेवणं हे किती नाजूक काम आहे, ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल.

युद्ध संपल्यावर होम सर्व्हिसला पुन्हा प्रादेशिक शाखा फुटल्या : लंडन, मिडलंड, नॉर्थ, वेस्ट, वेल्श, स्कॉटिश आणि उत्तर आयर्लंड. लीस्टरला मिडलंड लागत असणार. 'द आर्चर्स' हे मिडलंडचंच अपत्य. मे १९५० मध्ये एक आठवडा फक्त मिडलंडवर चाचणी म्हणून झालं, आणि १ जानेवारी १९५१ पासून देशभर.

लाइट प्रोग्राम मात्र ड्रॉइटविचच्या प्रक्षेपण केंद्राहून १५०० मीटरवर, दीर्घ लहरींवर. दीर्घ लहर जमिनीला धरून लांबवर जाते, डोंगर-दऱ्या आणि समुद्र यांची तिला फार पर्वा नसते. त्यामुळे जहाजांसाठीचा हवामान अंदाज गाण्या-विनोदाच्या केंद्रावर आला. समुद्रावर पोचणारी तीच एक लहर होती.

थर्डचं नशीब खोटं. उत्तम संगीत आणि वाट्याला आलेली लहर अशी की देशाच्या बऱ्याच भागांत रात्री बाहेरची केंद्रं तिच्यावर चढायची.

सांजवात, एक प्रश्न. आजींच्या घरी तेव्हा वीज होती का? सेट मेन्सवर (घरच्या विजेवर) चालायचा की अ‍ॅक्युम्युलेटरवर (पुन्हा पुन्हा चार्ज करायच्या बॅटरीवर)? जमलं तर विचारा. जुन्या माणसांना कार्यक्रम आठवतात, पण सेट कसा चालायचा हे कुणी लिहून ठेवत नाही.


सांजवात | मंगळवार, सकाळी ७.१५

लघुलहरी, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून आजींना नेऊन देणार आहे. गुरुवारी नक्की विचारते.


कोरांटी | मंगळवार, दुपारी १२.५०

कारखान्यातल्या संगीताबद्दल अजून लिहा ना. माझे आजोबा गिरणीत होते. साच्यांच्या खडखडाटात बोलणंसुद्धा ओठांवरून ओळखायला लागायचं असं सांगायचे. तिथे वाद्यवृंद काय ऐकू येणार?


सांजवात | मंगळवार, रात्री ८.३०

कोरांटी, अगदी बरोबर प्रश्न. हीच अडचण बीबीसीलाही आली, आणि त्यातून या कार्यक्रमाचे चमत्कारिक नियम तयार झाले.

सुरुवात २३ जून १९४०. फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेऊन सैन्य नुकतं परतलेलं, दारूगोळ्याच्या कारखान्यांत दिवसरात्र पाळ्या. कंटाळ्याने हात मंद होतात म्हणून दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास संगीत द्यायचं ठरलं, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. पण नेहमीचं संगीत कारखान्यात चालेना. हळुवार जागा आल्या की यंत्रांच्या आवाजात गडप होणार. म्हणून आवाज वर-खाली करायचा नाही, चाल स्पष्ट हवी, लय एकसारखी हवी, गाण्यांच्या मध्ये बोलायचं नाही. ढोलाचे जोरदार ठोके नकोत, कारण कर्ण्यातून ते गोळीबारासारखे वाटायचे. युद्धाच्या काळात त्याने किती माणसं दचकली असतील!

आणि 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' या गाण्यावर बंदी होती. का, तर त्यात चार टाळ्या येतात. कामगार हातातला पाना-हातोडा यंत्रावर आपटून त्या टाळ्या द्यायचे. काम थांबायचं आणि यंत्राला इजा व्हायची ती वेगळीच.

वाजवणाऱ्यांच्या बाजूनेही बघा. अर्धा तास सलग, एका गाण्यातून दुसऱ्यात, श्वास घ्यायला जागा नाही, आणि तेही थेट. ट्रंपेटवाल्यांचे ओठ सुजत असतील. ऐकणाऱ्याला ते नुसतं मागे चाललेलं संगीत, पण त्या वाद्यवृंदाची ती पाळीच होती, कारखान्यातल्यासारखी.

आजी म्हणाल्या, आई घरी आली की कानात दडे बसलेले असायचे, पण त्या दोन अर्ध्या तासांतली गाणी तिला पाठ असायची. जेवताना म्हणून दाखवायची.


कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.५५

धाग्याच्या निमित्ताने आमच्या भागातल्या एका बाईंचं नाव इथे यायलाच हवं. वेणू चितळे. जन्म १९१२, गाव शिरोळ. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. आपल्या एका शिक्षिकेबरोबर इंग्लंडला गेल्या आणि युद्ध सुरू झाल्यावर बीबीसीत लागल्या. भारतासाठीच्या विभागात जॉर्ज ऑर्वेल काम करत होता, त्याच्या हाताखाली त्या साहाय्यक होत्या. १९४२ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मायक्रोफोनभोवती ऑर्वेल, टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद अशी मंडळी जमली आहेत आणि त्यांत वेणूताई आहेत. नेसलेली साडी, शांत चेहरा. मराठीतूनही त्या बोलायच्या, कारण युद्धकाळात बीबीसीवरून मराठी प्रसारण होत असे.

पण या धाग्याशी त्यांचा थेट संबंध वेगळाच आहे. होम सर्व्हिसवर तेव्हा सकाळी सव्वाआठला 'द किचन फ्रंट' लागायचा. पाचच मिनिटांचा. अन्नखात्याच्या सांगण्यावरून सुरू झालेला : आज बाजारात काय आहे, रेशनमध्ये काय बसेल, बटाट्याचं काय काय होतं. आठच्या बातम्यांनंतर आणि बाई बाजाराला निघायच्या आधी. सांजवात, तू म्हणतेस तशीच ही वेळसुद्धा विचार करून ठरवलेली. त्या कार्यक्रमात वेणूताईंनी शाकाहारी स्वयंपाकाबद्दल सांगितलं.

मटण मिळत नाही म्हणून चिंतेत पडलेल्या इंग्लंडला शिरोळची एक बाई सांगतेय की मटणावाचून माणसं पिढ्यान् पिढ्या चांगलं जेवत आली आहेत. त्या देशात शाकाहारी म्हणून नोंद केली की मटणाच्या वाट्याऐवजी जास्त चीज मिळायचं, म्हणजे सरकारदरबारीही ही सोय होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं. आमच्या घरी अजून तिच्या तोंडी आहे, "शिरोळच्या बाईनं लंडनला डाळ शिकवली." डाळच शिकवली का ते मला माहीत नाही, पण आईचा अभिमान खरा आहे.

१९४७ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. त्यांचं नाव आपल्या शाळांतून ऐकू यायला हवं होतं.


पाऊसवेडी | मंगळवार, रात्री १०.१०

कृष्णाकाठ, हे अजिबात माहीत नव्हतं. मी हुजूरपागेची आहे! आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही. धन्यवाद.


उंबरठा | बुधवार, सकाळी ११.३०

सगळं वाचलं, आवडलं, पण एक गोष्ट मनात खुपते ती मांडते.

सांजवातने ज्या वेळांचं कौतुक केलंय, त्या वेळा ठरवणाऱ्याने गृहीत धरलंय की बाई नऊ वाजता सिंकपाशी आहे, पावणेदोनला मूल मांडीवर आहे, चारला चहा टाकते आहे. युद्धात याच बायका कारखान्यांत होत्या, ट्रक चालवत होत्या. युद्ध संपलं आणि सगळीकडून त्यांना सांगितलं गेलं की आता घरी जा. रेडिओची ही पत्रिका त्याच सांगण्याचा भाग नव्हती का? आणि 'विमन्स अवर' १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा निवेदक कोण होते, तर अ‍ॅलन आयव्हिमी, एक पुरुष. 'हाउसवाइव्ह्ज चॉइस'चेही बहुतेक निवेदक पुरुषच.

दुसरं म्हणजे बोलण्याची ढब. बातम्यांतला आवाज ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वळणाचा. लीस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यातली बाई ज्या बोलीत बोलायची, ती बोली तिला रेडिओवर कधी ऐकू आली? आपल्याकडेही प्रमाण मराठीखेरीज बातम्या नाहीत, म्हणून हे जास्त जाणवतं.


लघुलहरी | बुधवार, दुपारी ३.४०

उंबरठा, तुमचा दुसरा मुद्दा बीबीसीने एकदा अंगावर घेतला होता, त्याची गोष्ट सांगतो.

युद्धाआधी वृत्तनिवेदक नाव सांगत नसत. १९४० मध्ये जर्मन खोट्या बातम्या पेरतील अशी भीती निर्माण झाली, म्हणून निवेदक नाव सांगू लागले. लोकांना आवाज ओळखीचा व्हावा म्हणून. "बातम्या देत आहे अल्व्हार लिडेल" हे असं सुरू झालं. पुढे १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्यांना बसवलं. त्याची ढब हॅलिफॅक्सची, उत्तरेकडची, जर्मनांना नक्कल करायला अवघड. मध्यरात्रीच्या बातम्या संपवताना तो आपल्या बोलीत "शुभ रात्री" म्हणायचा.

आणि तक्रारी आल्या! उत्तरेतूनसुद्धा आल्या. अशा बोलीतल्या बातम्या खऱ्या वाटत नाहीत म्हणे. हे मला फार दुःखद वाटतं. माणसाला आपल्याच बोलीवर विश्वास ठेवू नये असं किती खोलवर शिकवलेलं असतं.

पण तोच पिकल्स १९४६ पासून 'हॅव अ गो' घेऊन गावोगाव फिरला. चर्चच्या हॉलमध्ये, लहान गावांत, साध्या माणसांना समोर बसवून त्यांच्या आयुष्याबद्दल विचारायचा, मग सोपे प्रश्न आणि थोडे पैसे. कोट्यवधी लोक ऐकायचे. त्यात खाणकामगार, धुणं धुणाऱ्या बायका, ऐंशीच्या घरातले म्हातारे आपापल्या बोलीत बोलले आहेत. बातम्यांत जे जमलं नाही ते तिथे झालं.


सांजवात | बुधवार, रात्री ९.१०

उंबरठा, तुझा पहिला मुद्दा मला मान्य आहे आणि तो धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता. आजींच्या आईच्या वाट्याला पावणेदोन कधी आलेच नाहीत. त्या वेळी ती यंत्रावर होती.

तरी 'विमन्स अवर'बद्दल एक सांगते. निवेदक पुरुष म्हणून तक्रारी झाल्या आणि लवकरच तिथे बायका आल्या. आणि त्याच दुपारी दोनच्या तासात, चाळीसच्या दशकातच, बायकांची पाळी जाण्याच्या वयाबद्दल उघड बोललं गेलं. बीबीसीतल्या एका वरिष्ठाला भर दुपारी हे ऐकणं लाजिरवाणं वाटलं, तशी नोंदही त्याने केली. पण विषय बंद झाला नाही. ज्या बाईला डॉक्टरशीही हे बोलता येत नव्हतं, तिने ते स्वयंपाकघरात, इस्त्री करता करता ऐकलं. तिला घरात बसवणारा रेडिओ आणि तिच्याशी हे बोलणारा रेडिओ एकच होता. मला दोन्ही खरं वाटतं.


दर्यावर | गुरुवार, पहाटे ४.२०

जहाजांच्या अंदाजाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत तीस वर्षं. नव्वदीत उत्तर समुद्रात होतो. तोवर हा अंदाज बीबीसीच्याच रेडिओ फोर या केंद्राकडे गेला होता, पण दीर्घ लहर तीच आणि ड्रॉइटविच तेच.

आमच्याकडे हवामानाची छापील माहिती यायची, तरी जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर तो अंदाज लावलेला असायचा. आधी वादळाचे इशारे, मग सर्वसाधारण स्थिती, मग समुद्राचा एकेक भाग, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने : फॉर्टीज, क्रॉमर्टी, फोर्थ, टाइन, डॉगर... वारा, पाऊस, दृश्यता, एवढंच. आवाजात घाई नाही. निवेदक मुद्दाम सावकाश वाचायचे, कारण ऐकणारा पेन्सिलीने लिहून घेत असतो, आणि त्याच्या पायाखालची फळी हलत असते.

१९५१ च्या यादीत 'जर्मन बाइट' नव्हतं. त्या भागाला तेव्हा 'हेलिगोलँड' म्हणत, नाव १९५६ मध्ये बदललं.

लंडनमधल्या कुणी ते ऐकलं तर त्याला ती नुसती नावांची यादी. आपला भाग कधी येतो म्हणून थांबलेल्या माणसाला मात्र मधला एकेक भाग लांब वाटतो. आमच्या आधीच्या पिढीतले कोकणातले खलाशी याच समुद्रांवर राबले. त्यांच्यातल्या किती जणांना ते इंग्रजी कळत होतं कोण जाणे, पण आकडे कळायचे. वाऱ्याचा जोर नऊ म्हटलं की दोर आवळायचे.


मंद्र | गुरुवार, सकाळी १०.००

थर्ड प्रोग्रामसाठी दोन ओळी. २९ सप्टेंबर १९४६ ला सुरू झाला. बीबीसीचे प्रमुख विल्यम हेली यांची कल्पना अशी की श्रोता लाइटवरून हळूहळू होमकडे आणि होमवरून थर्डकडे चढत जाईल. थर्डला ठरलेल्या वेळा मुद्दाम नव्हत्या. ऑपेरा तीन तासांचा असेल तर तीन तास. बातम्यांसाठी मधे तोडायचं नाही. सांजवातच्या लेखातला बाकीचा सगळा रेडिओ काम करणाऱ्या हातांसाठी आहे. थर्ड तेवढा हात रिकामे ठेवून बसणाऱ्यासाठी. म्हणून माणसं फारशी चढली नाहीत यात मला नवल वाटत नाही. दिवसभर उभं राहिलेल्या बाईला रात्री आठला स्वस्थ बसून चार वाद्यांची मैफल ऐकायला वेळ कोण देणार? तरी जी माणसं चढली, त्यांना दुसरीकडे कुठे ते मिळालं नसतं. तिकीट काढून मैफलीला जाण्याची ऐपत नसलेल्या माणसाला वर्षाच्या एका पौंडात ते सगळं खुलं होतं.

१९४७ च्या हिवाळ्यात कोळसा संपत आला तेव्हा सगळ्यात आधी थर्ड आणि टीव्ही बंद केले. होम आणि लाइट चालू ठेवले. यावरून काय लागतंच आणि काय नसलं तरी चालतं, ते कळतं.


कोरांटी | गुरुवार, दुपारी १.३०

हे सगळं कधी थांबायचं का? म्हणजे एखादा दिवस असा, की काहीच लागलं नाही?


मंद्र | गुरुवार, दुपारी २.१५

एक दिवस आहे. ६ फेब्रुवारी १९५२. राजे सहावे जॉर्ज झोपेत वारले. सव्वाअकराला निवेदक जॉन स्नॅग यांनी बातमी दिली, आणि त्यानंतर बातम्या, हवामान, जहाजांचे इशारे एवढं सोडून सगळे कार्यक्रम रद्द. दुपारचं कारखान्यातलं संगीत नाही, पावणेदोनची गोष्ट नाही, चारला मिसेस डेल नाही, पावणेसातला आर्चर्स नाही. सेट बिघडला की काय म्हणून लोकांनी बटणं फिरवून पाहिली असतील.


सांजवात | गुरुवार, रात्री ९.००

आत्ताच आजींकडून आले. मंद्र, तुमचा दिवस त्यांना लख्ख आठवतो. त्या तेरा वर्षांच्या होत्या. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना जमवून सांगितलं. घरी येऊन त्यांनी सवयीने पाचला रेडिओ लावला, तर नुसती खरखर. त्या म्हणाल्या, राजा गेल्याचं शाळेत कळलं होतं, पण खरं वाटलं ते तेव्हा.

लघुलहरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. १९५१ मध्ये घरात वीज होती, सेट मेन्सवर होता. पण त्याआधी, त्या सात-आठ वर्षांच्या असताना, आईबरोबर आजोळी खेड्यात राहायच्या. तिथे वीज नव्हती. तिथला सेट अ‍ॅक्युम्युलेटरवर चालायचा. जाड काचेची चौकोनी बरणी, आत अ‍ॅसिड आणि शिशाच्या पट्ट्या, वर तारेची कडी. घरात अशा दोन. एक सेटला जोडलेली, दुसरी सायकलच्या दुकानात चार्जिंगला. दर शनिवारी रिकामी नेऊन द्यायची, भरलेली आणायची, आणि ते काम त्यांचं.

"अंगापासून लांब धरायची, हलवायची नाही, पळायचं नाही," असं बजावलेलं असायचं. एका शनिवारी त्या पळाल्या. शेवटी शेवटी बरणी उतरत आली की आवाज बारीक व्हायचा, आजोबा कान सेटला लावून नऊच्या बातम्या ऐकायचे, आणि आज ते होऊ नये म्हणून ही घाई. अ‍ॅसिड कोटावर सांडलं. तेव्हा काही दिसलं नाही. धुतल्यावर मात्र उजव्या बाजूला, गुडघ्याच्या वर, रुपयाएवढं भोक पडलं. कपडे तेव्हा कुपनवर. आईने त्या भोकावर निळ्या लोकरीचं फूल भरलं, आणि एकाच बाजूला बरं दिसेना म्हणून दुसऱ्या बाजूलाही एक.

हे सांगताना त्यांनी दोन्ही हात पुढे, अंगापासून लांब धरले होते.